मधली कोरी पानं

तिसगावच्या दस्तगीर मास्तरांनी लेकीसाठी वही केली होती. उजवीकडून मास्तर इंग्रजी शब्द, त्यांचे उर्दू अर्थ लिहायचे, डावीकडून लेक त्यांची वाक्यं करायची. दोघं मधोमध भेटली की तिनं मॅट्रिकला बसायचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात लेक काविळीनं गेली. मधली अकरा पानं कोरीच राहिली. उर्दू अक्षरांचा कागद उकिरड्यावर टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. म्हणून चाळिसाव्या दिवशी मास्तर वही घेऊन विहिरीवर आले. तळाशी नुसता गाळ. दुपारभर झरा खरवडून शेजारच्या लंकाबाईनं कळशी भरली होती. तीच तिनं पुढं सरकवली. “हिच्यात बुडवा, मास्तर. शमशाद माजीबी लेकच हुती.” “नको. तुझी पोरं तहानली असतील.” मास्तर काठावर बसले. शेवटचा शब्द वाक्याविना राहिला होता: ड्राय, म्हणजे खुश्क. लेकीच्या बाजूनं त्यांनीच इंग्रजीत लिहिलं, ‘विहीर कोरडी आहे.’