चंपूची ठेव

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझे उरलेले दोन दात आत्ता इथं पडोत!

आमच्या यांना विसरायचा आजार होऊन तिसरं वर्ष. सांभाळायला दिवसभर मावशी लागते, तिच्या पगारात माझ्या बांगड्या गेल्या. उरली ती यांच्या एकट्याच्या नावावरची ठेव. तिच्यावर माझं नाव लागलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून मावशी बंद. म्हणून बँकेतल्या साहेबांना घरी बोलावलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "काका, काकूंचं नाव लावायचंय ना? इथं सही करा."

यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही कोण? लबाड आहे ही. रोज माझा चष्मा लपवते."

"अहो, मी चंपू!"

"चंपू बाजारात गेलीय. ठेव तिची आहे, माझ्यामागे तिला लागेल. तू हात लावायचा नाही!" यांनी पेनाला टोपण लावलं.

साहेब उठले. "काकू, हे तुम्हाला ओळखतच नाहीत. अशी सही मला घेता येणार नाही. आता कोर्टातूनच हुकूम आणावा लागेल."

ते गेल्यावर दोघांचा चहा मीच प्यायले. रडू काही आलं नाही.

बरं, एक कबूल करते. ठेव चंपूची आहे, असं हे बोललेच नव्हते. टोपण लावून खिडकीबाहेर बघत बसले. ते वाक्य मी घातलंय. कोणीतरी म्हणायला हवं होतं.