आरामाचे पंधरा दिवस

बार खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडकला. बकुळाने तो सोडून दिला. वजनं जमिनीवर आदळली, तसे शहरातल्या दतिया गेटजवळच्या एका छोट्या जिममधले सगळे वळून बघू लागले.

"मागच्या महिन्यात हेच वजन तू हसत उचलत होतीस," तानाजी सर म्हणाले.

सर फौजेतून निवृत्त झालेले. छावणीत त्यांनी कितीतरी जवानांना वेटलिफ्टिंग शिकवलं होतं. आता बकुळा त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. लखनऊची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि पोरगी दिवसेंदिवस मागे जात होती. सकाळी आपल्या गावाहून, चिरगाँवहून, आलेल्या बसमधून उतरतानाच ती थकलेली दिसायची.

सरांनी तिचा व्यायाम कमी केला. जड वजनं उचलली की दुसरा दिवस मोकळा ठेवला. काही फरक पडेना.

"खरं सांग. चिरगाँवला दुसऱ्या कुठल्या जिममध्ये जातेस?"

"नाही, सर."

"मग हे खांदे कशानं भरून येतात? मेहनतीनं अंग मोडतं, बकुळा, आणि आरामात ते भरून निघतं. तू भरूच देत नाहीस."

"घरी थोडं काम असतं, सर."

"घरकामानं कंबर अशी जात नाही."

ती मान खाली घालून तळहाताला पकडीसाठी लावलेली पांढरी पूड पुसत राहिली. ते बघून सर जास्तच चिडले.

"पंधरा दिवस पूर्ण आराम. इथं यायचं नाही आणि तिथंही काही उचलायचं नाही."

"सर जी, ते नाही जमणार मला."

"मग परत येऊच नकोस."

ती पिशवी उचलून निघून गेली. जरा जास्तच बोललो, असं सरांना नंतर वाटलं. फोन करावा असंही मनात आलं, पण त्यांनी केला नाही. ती काही आता येत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं.

पंधरवडा उलटला आणि बकुळा दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला होता, पण पाठ ताठ होती. तिनं सरळ बारवर वजनं चढवली.

पहिल्याच झटक्यात वजन डोक्यावर गेलं. सरांनी आणखी चढवलं, तेही गेलं. मग तिनं आजवर कधीच न पेललेलं वजन उचललं आणि हात न थरथरता धरून ठेवलं. जिममध्ये टाळ्या पडल्या.

"बघ! आरामच पाहिजे होता तुला!" सर तिची पाठ थोपटत म्हणाले. "आधीच ऐकलं असतंस तर? लाव, बाबांना फोन लाव. सांग, लखनऊ पक्कं."

बकुळा बाकावर बसून कमरेचा पट्टा सोडू लागली.

"बाबा गेले, सर. तुम्ही सुट्टी दिलीत त्याच्या दुसऱ्याच दिवशी. चार वर्षं अंथरुणावर होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, मीच उचलायची. आता घरी उचलायला कोणी नाही."