लाल रेघेच्या खाली

मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉयलरच्या पाइपवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "दोन मिनिटं कुणी बोलू नका."

सून गप्प झाली. हे त्या घरात रोज घडत नसे. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांना मेकॅनिक एकदम आवडून गेला. कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनीही बॉयलर असाच ऐकला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. सून तेवढी बाबा म्हणे.

टप. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टप.

"ऐकलंत?" सून म्हणाली. "तीन आठवडे हेच चाललंय. मी इथे टेबलावर पेपर तपासायला बसते. एक टप झालं की पुढचं कधी होतंय याची वाट बघत बसते. काल एका मुलीला शंभरपैकी एकशे चार दिले."

"सांधे तर सगळे कोरडे आहेत," मेकॅनिक म्हणाला.

"तुम्ही सर्व्हिसिंग करेपर्यंत हा मुका होता. तुमचा हात लागला आणि याला कंठ फुटला." तिने फोन पुढे केला. तक्रार लिहून तयार होती, पाठवायचीच काय ती बाकी.

मेकॅनिकने चष्मा काढून शर्टाला पुसला. "ही या वर्षातली तिसरी होईल, ताई. तिसरीला कंपनी घरी बसवते."

"मग काम नीट करायचं होतं."

मेकॅनिकने वाकून दाबाच्या तबकडीवर नखाने टिचकी मारली. "काटा लाल रेघेला भिडलाय. थंड बॉयलरला मी तो दीडवर ठेवून गेलो होतो. तापल्यावर पाणी फुगतं, काटा चढतो, पण इतका नाही. रेघेपर्यंत गेला की हा व्हॉल्व्ह जास्तीचं पाणी भिंतीतल्या नळीतून थेंब थेंब बाहेर सोडतो. तोच तुमचा आवाज. व्हॉल्व्ह चोख आहे. पण खालचा भरायचा नळ कुणी फिरवल्याशिवाय एवढं पाणी आत येत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय खरं."

"या नळाला कोण हात लावणार?" सून म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. फोरमन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

सर्व्हिसिंगच्या दिवशी मेकॅनिकने तबकडीची काच पुसली आणि या घरात आल्यापासून फोरमनना काटा पहिल्यांदा दिसला. दीडवर लोळत पडलेला. त्यांना ते बघवेना. कारखान्यात काटा पडला की वाफ कमी पडून ओला कागद फाटायचा, म्हणून एकतीस वर्षं त्यांनी तो लाल रेघेच्या जरा खाली धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी नळ पाव फेरा फिरवला. काटा रोज उतरायचा आणि ते रोज चढवायचे. हे यंत्र आपल्या जिवावर उभं आहे, असंच त्यांना वाटत होतं.

एरवी सून त्यांच्या हातातली बशीसुद्धा काढून घेई. "बसा हो बाबा निवांत." मायेनेच म्हणे. पण त्या निवांत बसण्याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. दिवसभरात त्यांचं म्हणून जे काम होतं, ते हा पाव फेरा. बोलले तर तो जाणार होता. आणि बॉयलरवाल्याला बॉयलर कळला नाही, ही लाज वेगळीच.

सुनेचा अंगठा फोनवर गेला.

"नळ मी फिरवतो," फोरमन म्हणाले. "रोज सकाळी."

टप.

"तुम्ही?" सून म्हणाली.

"कारखान्यात काटा वर लागायचा. मला वाटलं, याचंही तसंच..."

मेकॅनिक हसला नाही. "वाफेच्या बॉयलरला लागतोच, काका. हा नुसता गरम पाण्याचा. याचं थोडक्यात भागतं." त्याने पाणी सोडायच्या तोटीखाली बादली सरकवली आणि चावी फोरमनच्या हातात दिली. "तुम्हीच उतरवा. आत्ता दोनवर आणा, निवला की आपसूक दीडवर येईल."

फोरमन गुडघ्यावर बसले. चावी फिरली, बादलीत पाणी वाजलं, काटा उतरू लागला. बरोबर दोनवर त्यांनी चावी बंद केली. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

"हात अजून तयार आहे," मेकॅनिक म्हणाला.

तिघंही कान देऊन उभी राहिली. बराच वेळ. काही आलं नाही.

सुनेने फोनवरची तक्रार पुसली. "मी फार बोलले तुम्हाला," ती मेकॅनिकला म्हणाली. "चुकलं माझं. चहा घेऊन जा." तिने पातेलं गॅसवर ठेवलं.

मेकॅनिक पिशवीत हत्यारं भरू लागला. "आता काळजी नाही. नळाला कुणी हात लावायचा नाही. महिन्यातून एकदा काटा बघितलात तरी पुष्कळ झालं."

बॉयलरशेजारच्या खिळ्यावर एक फडकं असे. काच पुसायला फोरमननीच ते आणून ठेवलं होतं. त्यांनी ते काढून घेतलं आणि घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. मग आणखी एक.

सुनेने ते पाहिलं.

"महिन्यातून नाही," ती गॅस पेटवत मेकॅनिकला म्हणाली. "आमच्याकडे रोज सकाळी बघतात."