जाळीतला पुठ्ठा

बॉनेट उघडताच वाफेचा लोट तोंडावर आला आणि मेकॅनिकचं टाळकंच सटकलं. पुढच्या जाळीत पुन्हा तोच पुठ्ठा, अगदी मापात कापून बसवलेला! या आठवड्यातली ही तिसरी गाडी.

“अहो, हवाच अडवल्यावर इंजिन उकळणार नाही तर काय? कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं हे?”

“पेट्रोल कमी लागतं म्हणाले,” गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं. “स्वतःच्या हाताने बसवून दिला त्यांनी.” आणि त्याने बोट दाखवलं ते थेट गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या मेकॅनिकच्या वडिलांकडे.

वडील पेपरातून मानसुद्धा वर न करता म्हणाले,



“काम नाही, काम नाही म्हणून महिनाभर माझं डोकं कोण खात होतं?”