बाहुलीची मान

चार मार्च रोजी सकाळी अकरा वाजता मिरजेच्या एका रुग्णालयात, दिवंगत परिचारिका सुलभा गोगटे यांच्या स्मृत्यर्थ ठेवलेल्या पाठ्यवृत्तीच्या मुलाखती सुरू झाल्या. निवड होणारी परिचारिका वर्षभर आफ्रिकेतल्या मलावी देशातील बालरुग्णालयात काम करणार होती.

रूथ साठे आत येताच सुलभाताईंचे पती डॉक्टर गोगटे यांनी सरावाची रबरी बाहुली एका पायाला धरून उचलली.

"अहो डॉक्टर, मान धरा आधी! बाळ आहे की भाजीची पिशवी?" रूथ कडाडली आणि लगेच तिने जीभ चावली.

"बाहुली आहे, सिस्टर."

"हातांना फरक कळत नाही, सर," ती पुटपुटली. आपले मलावी गेले, असे तिला वाटले.

डॉक्टरांनी बाहुलीची मान अलगद सावरली.

"सुलभा मला चाळीस वर्षं अशीच झापायची," ते समितीला म्हणाले. "ही जाईल."