एका होडीची शर्यत

रविवारी चारला दहा मिनिटं कमी असताना वीरेंद्र मगदूम बोरगावच्या आपल्या घरात, सोप्यातल्या खुर्चीवर मोबाइल घेऊन बसला आणि 'सातबेट'च्या बंदरावर आपली होडी लावून थांबला. बंदरावर कोणी नव्हतं. मागच्या रविवारीही नव्हतं.

सातबेट हा ऑनलाइन खेळ. आपापल्या गावात बसायचं आणि सगळ्यांनी एकाच समुद्रात होड्या पळवायच्या. कधीकाळी रविवारी चारला इथं साठ-सत्तर होड्या लागायच्या, बेळगावच्या, चिकोडीच्या, पार हुबळीच्यासुद्धा. निम्मे लोक शर्यतीला यायचे आणि निम्मे वीरेंद्रचं निवेदन वाचायला. पंचवीस वर्षं त्यानं कबड्डीच्या मैदानावर माईक धरला होता, मराठीत आणि कन्नडमध्येही. मग तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो घरात पाटीवर लिहून बोलायचा. सातबेटात टाइप करून बोलायचा, पण तिथं सगळेच टाइप करायचे. तिथं तो मुका नव्हता.

आठवड्यापूर्वी खेळाच्या ग्रुपवर कोणा भरमूनं विचारलं होतं, "हा खेळ अजून जिवंत हाय का? असला तर डाउनलोड करतो." सहा दिवस कोणी उत्तर दिलं नाही. शेवटी काल वीरेंद्रनं लिहिलं, "हाय. रविवारी चारला बंदरावर या. शर्यत असते." आणि मग तो जुन्या खेळाडूंच्या मागं लागला. तेरा जणांना त्यानं एकेकाला मेसेज केला. कडोलीच्या अमरदीपनं कळवलं, की मोबाइल बदलल्यावर खेळ परत घेतलाच नाही. दोघांनी नुसते जोडलेले हात पाठवले. बाकीच्यांनी वाचलं आणि सोडून दिलं.

मैदानावर त्यानं कधी गुण चुकीचा सांगितला नव्हता, घरचा संघ हरत असला तरी. आणि आता एका अनोळखी माणसाला त्यानं खोटं सांगून बोलावलं होतं.

चारच्या ठोक्याला कोऱ्या पांढऱ्या शिडाची एक होडी धक्क्याला लागली. वर नाव होतं, भरमू.

"बाकीचे कुठं हायत?" भरमूनं विचारलं.

येतील, जरा थांबा, असं लिहिता आलं असतं.

"चुकीचं सांगितलं तुम्हाला," त्यानं लिहिलं. "मी एकटाच हाय. दोन महिने झाले."

होडी हलली नाही. आता ही दिसेनाशी होणार, असं वीरेंद्रनं मनाशी धरलं. पण भरमू थांबला होता. नंदगडला त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी दुकानाकडं कोणी फिरकत नाही, म्हणून चार माणसांत बसावं म्हटलं होतं, असं त्यानं लिहिलं. मग विचारलं, "एकटे हितं करता काय तुम्ही?"

"निवेदन."

"कशाचं?"

उत्तर भरमूनंच दिलं. "माझं करा. मी होडी काढतो."

एकट्या होडीची शर्यत सुटली. वीरेंद्र टाइप करू लागला. आधी अडखळत, मग हात बसला. त्याचे ओठ हलत होते, पण गळ्यावरच्या छिद्रातून, वर बांधलेल्या रुमालाआडून नुसता वारा येत-जात होता.

त्याची बायको त्रिशला चहा घेऊन आली. या खेळाकडं तिनं कधी डोळे वर करून पाहिलं नव्हतं. माणूस दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, एवढंच तिला माहीत. आज नवऱ्याचे ओठ बघून ती मागं थांबली आणि त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. मोठ्यानं, पेपर वाचावा तशी.

"नंदगडचा भरमू निघाला. पहिलं बेट डाव्या हाताला. पुढं खडक हाय. वळतोय, वळतोय, न्हाय वळला. आदळला."

दुसऱ्या बेटापर्यंत तिच्या वाचण्यातला पेपर गेला. पंचवीस वर्षं मैदानावर बायकांच्या बाजूला बसून तिनं हे ऐकलं होतं. गावाचं नाव घेताना तो पहिलं अक्षर कसं लांबवायचा, खेळाडू रेषेशी आला की आवाज कसा एकदम खाली आणायचा, सगळं तिच्या कानात होतं. "नंऽऽदगडचा पठ्ठ्या," ती म्हणाली, आणि वीरेंद्रचा अंगठा थांबला. तीन वर्षांत त्यानं आपलं बोलणं ऐकलं नव्हतं.

"थांबू नका," त्रिशला म्हणाली. "तो परत खडकाकडं चाललाय."

भरमू परत आदळलाच. मग शीड फाटलेली होडी रखडत रखडत सातवं बेट ओलांडून कशीबशी धक्क्याला आली.

"कितवा आलो?" त्यानं विचारलं.

"पहिला म्हणा की," त्रिशला म्हणाली.

वीरेंद्रनं मान हलवली. "दुसरं कोण नव्हतं," त्यानं लिहिलं. "नंबर देता येत न्हाय. दोनदा आदळलात. तरी पोचलात."

धक्क्याला दोघांच्या होड्या शेजारी शेजारी हलत होत्या.

"ते दोन खडक आता चुकवतो," भरमूनं लिहिलं. "परत लावा."

त्रिशलानं चहाचा कप खिडकीत सरकवला, दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि घसा साफ केला.