दिव्याचं सोवळं

निवृत्तीला दोन दिवस उरले होते. निरगुडकरसरांनी कपाट आवरताना प्रयोगशाळेचा जुना प्रमाण-दिवा काढून उजेडात धरला.

संलयनयंत्रातल्या प्लाझ्माचा अतिनील प्रकाश मोजणारा वर्णपटमापक याच दिव्यासमोर ठेवून जुळवायचं काम पूर्वी त्यांच्या हाताखालच्या संशोधक सुनेत्राकडे असे. हातमोज्यांशिवाय ती दिव्याला शिवायची नाही. "दिव्याचं सोवळं पाळतेस की काय?" असं हसून सरांनी एकदा पाहुण्यांना दाखवायला तो उघड्या हातानं उचलला होता.

त्यानंतर मोजमापं भलतीच येऊ लागली. "सर, माझं काही चुकलेलं नाही, दिवाच मंदावलाय," ती सांगत राहिली. भर बैठकीत सर कडाडले, "तुला पीएचडी दिली कुणी? अंगठेबहाद्दर कुठली!" सुनेत्रानं महिन्याभरात संशोधनच सोडलं.

आता काचेवर डाग दिसत होता. हाताचा तेलकटपणा एरवी नजरेला दिसत नाही, पण अतिनील प्रकाश तेवढ्यानंही अडतो, आणि दिवा तापला की तो तेलकटपणा भाजून काचेत कायमचा उमटतो.

सरांनी चष्मा सारखा केला. डाग अंगठ्याच्या ठशाचा होता, मधोमध आडवी चीर असलेला. लहानपणी विळीवर कापलेला आपला अंगठा त्यांनी मुठीत मिटून घेतला.